कान्याचा वाकडा कान

यंदा कडुलिंबाला मोहर लवकर आला. सकाळी स्कूटर काढायला गेले तर सीटवर, आरशावर, हँडलच्या फटीत सगळीकडे बारीक पांढरट फुलं. फडक्यानं झटकायचं सोडून मी तशीच बसले आणि दिवसभर तो कडवट गोड वास अंगावर घेऊन हिंडले. बाहेरच्या लोकांना सोलापूरचा उन्हाळा आकड्यांत माहीत असतो, आज पारा किती आणि काल किती. आम्हाला तो आधी नाकाला कळतो. लिंबाचा मोहर, माठातलं पाणी, दुपारचा तापलेला पत्रा, आणि पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत शिरलं की मागांचं तेल आणि नुकतंच रंगवलेलं सूत. हा शेवटचा वास आला की मला तीन वर्षांपूर्वीचा एक उन्हाळा आठवतो. त्या उन्हाळ्यात मी एका कानासाठी भांडले होते.

कान मेंढराचा होता आणि मेंढरू आमच्या आप्पांच्या कळपातलं. मंद्रूपला आमची थोडी कोरडवाहू जमीन आहे आणि वडिलांची, म्हणजे आप्पांची, चाळीसेक मेंढरं. लहानपणी आमच्या घरात विकतचं खेळणं आलेलं मला आठवत नाही. कळप चरायला गेला की बारकी कोकरं मोठ्या डालग्याखाली झाकून ठेवलेली असायची आणि मी त्यांच्यात जाऊन बसायची. आत दुधाचा, लोकरीचा आणि लेंड्यांचा मिळून एक उबदार वास. उन्हाचे चौकोनी कवडसे त्यांच्या पाठीवर पडायचे. कोणतं कोकरू कुठं दाबलं की कसं ओरडतं, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

आता मी खेळणी करते. असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, कोणत्या वयाच्या मुलांसाठी? मोठ्यांसाठी, असं म्हटलं की समोरचा माणूस हळूच विषय बदलतो. जगात अशी खेळणी करणारे आणि जमवणारे पुष्कळ आहेत. भलंमोठं डोकं आणि काडीएवढे पाय असलेली माणसं, तीन डोळ्यांचे ससे, रडवेले राक्षस. एकेकाचे मोजकेच नग निघतात, तळाला क्रमांक आणि करणाऱ्याची सही. घेणारे चाळिशीतले गृहस्थ असतात, आणि त्यांतले निम्मे तर खोकंसुद्धा उघडत नाहीत. हे मी आप्पांना एकदा नीट समजावून सांगितलं होतं.

"म्हंजे खेळणं हाय, पन खेळायचं न्हाय?" आप्पा म्हणाले.

"खेळायचं की आप्पा. पण जपून."

"मग देवाऱ्यात ठिवत्यात का काय?"

आप्पांची ही चेष्टा मला लागली होती, कारण त्यात खरं होतं. दगडाच्या शिल्पासमोर माणूस हात मागं बांधून उभा राहतो. खेळणं दिसलं की हात आपण होऊन पुढं येतो, मग माणूस कितीही शिकलेला असो. त्या पुढं येणाऱ्या हातासाठीच मी हे काम धरलं. पुण्याला चित्रकला शिकले, परत आले, सोलापुरात मुलांना चित्रकलेच्या परीक्षांसाठी शिकवायला लागले आणि उरलेल्या वेळात खेळणी करत राहिले. त्यातलं एकही तोवर कुणी मागितलं नव्हतं.

त्या वर्षी पुण्यातल्या एका कलादालनात अशा खेळण्यांचं प्रदर्शन व्हायचं होतं. मी पाठवलेलं एकच चित्र त्यांनी निवडलं. चित्रात आमच्या कळपातला कान्या होता. त्याचा एक कान चारचौघांसारखा खाली लोंबणारा, आणि दुसरा जन्मापासून दुमडून वर वळलेला. कुणीतरी लांबून हाक मारतंय आणि हा अर्धवट ऐकतोय, असा. अंग लोडासारखं गोल, पाय नावापुरते आणि सगळा जीव त्या कानात. मे संपायच्या आत पंचवीस नग पोचवायचे होते.

आधी मी रेझिनमध्ये ओतायचं ठरवलं. रबराचे साचे केले. एप्रिलची दुपार होती. रेझिनमध्ये दुसरं द्रव्य मिसळून काडीनं ढवळते आहे, तोवर ते पेल्यातच दगड झालं. साच्यापर्यंत पोचायची त्याला गरजच वाटली नाही. काडी मध्ये उभीच्या उभी अडकली. त्या रात्री गच्चीवर झोपताना चादर पांघरली आणि पहाटे उजाडल्यावर ती नीट बघितली. आमच्या चादरीला उलट बाजू नसते. एका अंगाला पांढऱ्यावर काळी नक्षी, दुसऱ्या अंगाला काळ्यावर पांढरी. जन्मभर पांघरलेली वस्तू मी पहिल्यांदाच बघत होते. पुढून पांढरा आणि मागून काळा कान्या मला तिथंच दिसला. मी ठरवलं, हा मागावरच विणायचा.

अशा किरकोळ आणि विचित्र कामाला कारखानदार उभं करत नाहीत. चार जणांनी हसून वाटेला लावलं, पाचव्यानं राजय्या काकांचा पत्ता दिला. काका साठी ओलांडलेले. घराच्या पुढच्या अर्ध्या भागात त्यांचे दोन माग आणि मागच्या अर्ध्यात संसार. बायको पद्मक्का सुताच्या कांड्या भरायच्या. दोघं आपसांत तेलुगू बोलायचे, माझ्याशी मराठी आणि अक्कलकोटच्या व्यापाऱ्याशी फोनवर कन्नड. उन्हाळ्यात चादरीला उठाव नसतो, त्यामुळं एक माग रिकामा होता. मी गेले तेव्हा उगादी, म्हणजे आपला पाडवा, होऊन दोनच दिवस झाले होते. पद्मक्कांनी उरलेलं पच्चडी वाटीत घालून पुढं केलं. लिंबाचा मोहर, गूळ, चिंच, कैरी. मी वरवरचं गोड प्यायले आणि वाटी खाली ठेवली.

"अम्मा, सगळं पिवा," त्या म्हणाल्या. "तळाला मोहर ऱ्हायलाय."

मी प्यायले. काकांनी तोवर माझं चित्र उजेडाला धरलं होतं. "मेंढरू काय की हे," म्हणाले आणि हो म्हणाले.

आठवड्यानं मी नमुना बघायला गेले. काकांनी चौकटीच्या कागदावर चित्र भरलं होतं, पुठ्ठ्याची कार्डं भोकं पाडून मागाच्या डोक्यावर चढवली होती आणि हातभर कापड विणून ठेवलं होतं. त्यावर एक अतिशय देखणं मेंढरू होतं. डोळे बरोबर, लोकरीचे वळसे बरोबर. दोन्ही कान खाली, अगदी सारखे.

"चूक हुती तुमच्या चित्रात," काका खुशीत म्हणाले. "एक कान वर गेलेला. मी दुरुस्त केलं."

"काका, ती चूक न्हाई. तो तसाच हाय."

"असं कसं? ह्या मागावर अर्धंच चित्र भरायचं असतंय. ऱ्हायलेलं अर्धं माग आपलं आपण काढतंय, आरशात बघितल्यावानी. चादरीवरचा मोर कधी एकटा बघितलाय का? समोर दुसरा असतोयच की."

खरंच होतं ते. घरातल्या सगळ्या चादरी मी मनात उलगडून बघितल्या. मोरासमोर मोर, फुलासमोर फूल, हत्तीसमोर हत्ती. चाळीस वर्षं ज्यानं जोड्याच विणल्या, त्याला माझा एकांडा कान चुकलाच आहे असं वाटणार. त्यांनी आपल्या परीनं माझी अब्रू राखली होती.

पंचाईत अशी झाली की ते मेंढरू सगळ्यांना आवडलं. प्रदर्शनवाल्यांना फोटो पाठवला तर त्यांचं उत्तर आलं, हे तर चित्रापेक्षा छान आहे, किती नीटस! माझ्या शिकवणीतल्या मुली ते हातातून सोडेनात. आप्पासुद्धा कापड मांडीवर पसरून म्हणाले, "झ्याक झालंय की. आता काय अडलं?" काय अडलं ते मला धड सांगता येईना. दोन दिवस मी रुसून ते कापड उलटसुलट बघत बसले. पुण्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षी माझं 'हाय' आणि 'न्हाय' असंच प्रेमानं दुरुस्त केलं होतं. तेव्हा मी निमूट दुरुस्त झाले होते. ह्या खेपेला नाही व्हायचं, एवढंच मला कळत होतं. त्या कानाशिवायचा कान्या पुण्याला पाठवण्यापेक्षा नाव मागं घेतलेलं बरं.

तिसऱ्या दिवशी मी मंद्रूपला गेले आणि आप्पांना म्हणाले, "कान्याला घ्या. सोलापूरला जायचंय."

वडापच्या जीपमध्ये आप्पा, मी आणि आप्पांच्या मांडीवर सहा-सात महिन्यांचा कान्या. शेजारच्या बाईच्या पिशवीतली कोथिंबीर त्यानं हत्तूर यायच्या आत संपवली. ती बाई भांडायला उठली आणि त्याचा कान बघून हसायलाच लागली. "येडं हाय का काय वो?" म्हणाली. आप्पांनी गंभीरपणे सांगितलं, "न्हाय, शाणं हाय. चित्रातलं हाय."

काकांच्या कारखान्यात कान्या उभा राहिला तेव्हा दोन्ही माग बंद होते. काका खाली बसले आणि कापड पारखतात तसा त्यांनी तो वळलेला कान अंगठा आणि बोटात धरून चोळला. सरळ करून बघितला. सोडला की तो परत वर.

"जन्मल्यापासून असाच?"

"व्हय," आप्पा म्हणाले. "जत्रंला द्यायचा बोललो हुतो. नेला बी. पुजारी म्हणला, खोडाचं जनावर देवाला चालत न्हाय, माघारी न्ह्या. आनला. कान नीट असता तर आज हितं उबा नसता."

मला हे माहीत नव्हतं. चित्र मी काढलं, नाव मी घातलं, कानासाठी रुसून मी बसले, आणि कानाची ही गोष्ट आप्पांनी मला कधी सांगितलीच नव्हती. पद्मक्कांनी आतून भाकरीचा तुकडा आणला. कान्या तो खात होता आणि आम्ही चौघं मोठी माणसं त्याचा कान बघत होतो.

मग काका म्हणाले, "मग माझी दुरुस्ती लई महागात पडली असती की."

त्यांनी मला मागाजवळ नेऊन वर बघायला सांगितलं. जेकार्डच्या, म्हणजे नक्षी पाडणाऱ्या यंत्राच्या, सांगाड्यातून शेकडो दोऱ्या खाली उतरलेल्या असतात. त्यांच्या मागावर एकेक दोरी दोन धागे उचलायची, एक डाव्या अर्ध्यातला आणि एक उजव्या अर्ध्यातला. म्हणून इकडं जे उमटेल तेच तिकडं उमटायचं. वाकडा कान एकाच बाजूला हवा असेल तर ह्या सगळ्या जोड्या सोडायच्या आणि दोऱ्या नव्यानं बांधायच्या. मेंढरू निम्म्या मापाचं होईल, पण एकटं निघेल.

"आणि चादर?" मी विचारलं.

"चादर निघणार न्हाई मग ह्याच्यावर. तसल्या जोड्या बांधणारा माणूस भिवंडीला गेला, तो काय परत येत न्हाई. आणि माझे डोळे हे काम दोनदा करणार न्हाईत."

शहाण्या मुलीसारखं 'राहू द्या काका' म्हणायची ती वेळ होती. दिवाळीच्या आधी चादरीचं काम येतं तेव्हा दोन्ही माग लागतात, हे मला दिसत होतं. पद्मक्का माझ्याकडंच बघत होत्या. लाज वाटत होती आणि तरीही मला तो कान हवा होता.

"काका, सोडा दोऱ्या," मी म्हणाले.

काका पद्मक्कांकडं वळले. त्या तेलुगूत भराभर काहीतरी बोलल्या आणि काका मोठ्यानं हसले. काय म्हणालात, असं मी घाबरत विचारलं. पद्मक्का म्हणाल्या, "चाळीस वर्षं माझं कधी ऐकलं न्हाई. मेंढराचं ऐकतोय."

पुढचे पंधरा-सोळा दिवस त्या उन्हाळ्यातले मला सगळ्यात लख्ख आठवतात. सकाळची शिकवणी उरकून मी दहाला पोचायची. काका फळीवर चढून बसायचे, मी खालून दोरीची टोकं एकेक करून द्यायची. पंखा लावायचा नाही, कारण वाऱ्यानं दोऱ्या हलतात आणि गुंततात. सोलापूरचा मे महिना, वर पत्रा आणि पंखा बंद. घाम डोळ्यांत गेला तरी हात सोडता यायचा नाही. पद्मक्का मधूनच ओल्या फडक्यानं आमच्या दोघांचे चेहरे पुसून जायच्या, लहान मुलांचे पुसतात तसे. दुपारी बाहेरचा रस्ता पार निर्मनुष्य असायचा. भाकरी, शेंगाची चटणी आणि ताक, मग परत दोऱ्या. कितीदा मोजणी चुकली, कितीदा बांधलेलं सोडलं. एकदा मी रडले. काका वरून म्हणाले, "रडायचं असंल तर बाजूला रडा अम्मा, दोऱ्या भिजत्यात." मी बाजूला जाऊन रडले आणि परत येऊन टोकं द्यायला लागले.

काम करता करता काका बदलत होते. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी मला सांगितलं की लहानपणी ते मागाखाली बसून रिकाम्या कांड्यांची आगगाडी करायचे आणि वडिलांचा पाय लागला की अपघात झाला म्हणून ओरडायचे. हे सांगताना त्यांचे हात थांबले नव्हते, आवाज मात्र सात-आठ वर्षांचा झाला होता. मग रोज मी दारात दिसले की "आलं का मेंढरू?" अशी हाक यायची, आणि मी बँ करून उत्तर द्यायची. शेजारचे मागवाले डोकावून जायचे. चांगला चालता माग मेंढरासाठी उघडलाय, ही बातमी गल्लीत झाली होती. काका कुणालाच कारण सांगायचे नाहीत. आमच्या कामाचं हेच मला सगळ्यात आवडतं. शहाणी, टक्कल पडलेली, गुडघे दुखणारी माणसं एखाद्या क्षुल्लक कानासाठी जिवाचं रान करतात, आणि त्यात कुणाला खोटं वाटत नाही.

सतराव्या दिवशी सकाळी माग चालू झाला. त्याचा खडखडाट इतक्या दिवसांनी ऐकून पद्मक्का ओल्या हातांनी बाहेर आल्या. आधी पायांचे ठिपके आले, मग पोट, मग हनुवटी. एक कान खाली लोंबत आला. आम्ही तिघंही वाकलो. दुसरा कान मुळाशी सुरू झाला, बाहेरच्या अंगाला सरकला आणि वर वळला. काकांनी माग थांबवून त्या वळणावर बोट ठेवलं.

"हां," ते म्हणाले. "आता ऐकतंय ते."

कापून, कापूस भरून, कडा शिवून पंचवीस कान्ये वेळेत पोचले. पुण्याच्या दालनात पांढऱ्या फळ्या होत्या, वरून दिवे होते आणि प्रत्येक फळीवर हात न लावण्याची सूचना होती. मी माझ्या फळीवरची काढून पर्समध्ये टाकली. दिवसभर मी कोपऱ्यात उभी राहून लोकांचे हात बघत होते. जो येई तो कान्याला उचले आणि अंगठ्यानं त्याचा वाकडा कान सरळ करू बघे. तो विणलेलाच वाकडा, सरळ होणार कसा? मग माणूस परत एकदा प्रयत्न करे आणि स्वतःशीच हसे. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चार वेळा केलं. ती माणसं हसली की मला पत्र्याखालचा उकाडा आठवायचा आणि मी मनात म्हणायची, दाबा, अजून दाबा.

त्याच प्रदर्शनात खेळण्यांच्या एका कंपनीनं मला नोकरी देऊ केली. पुण्यात राहायचं, गार खोलीत बसून मुलांसाठी प्लास्टिकचे प्राणी काढायचे. ते बनणार कुठं, त्याच्याशी माझा संबंध नाही. मी दोन दिवस मागून घेतले आणि खरं सांगायचं तर गाडीत बसल्यावरच हो म्हणायचं ठरवलं. कान जिंकला होता. आता थोडी सावली हवी होती. सोलापूरला उतरले ती पेढे घेऊन थेट काकांकडं गेले, नोकरीचं त्यांना तोंडानं सांगावं म्हणून.

मी पोचले तेव्हा अक्कलकोटचा व्यापारी येऊन बसला होता. दिवाळीच्या चादरींचं आत्ताच ठरवून टाकू म्हणत होता. काकांनी एका मागाचं काम घेतलं.

"आणि तो दुसरा?" व्यापाऱ्यानं विचारलं.

"तो मोकळा न्हाई."

"का? काय चाललंय त्याच्यावर?"

त्या मागावर काहीच चाललं नव्हतं. पंचविसावा कान्या उतरल्यावर उभ्या धाग्यांचा ताणा तसाच ताणलेला होता. काकांनी व्यापाऱ्याकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. राग नव्हता, आर्जव नव्हतं. हे तुम्हीच सांगा, एवढंच होतं.

"ह्या अम्मा सांगतील," ते म्हणाले.

पेढ्यांचा बॉक्स माझ्या हातात होता आणि सांगायचं म्हणून घोकत आणलेलं वाक्य तोंडात. व्यापारी वाट बघत होता. आतल्या दारात पद्मक्का येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"शेळी," मी म्हणाले. "तीन पायांची."

व्यापाऱ्यानं काकांकडं बघितलं. काका उठून मागाशी गेले आणि सैल पडलेला एक धागा त्यांनी बोटानं ताणून बघितला.

"सोमवारी चित्र घेऊन या," ते म्हणाले. "आणि पाय कुठला न्हाई ते आधीच सांगा, न्हाईतर मी लावून टाकीन."